गोळी द्यायच्या आधी : पेशंट सांभाळायला नव्याने लागलेल्या मावशी-मामांसाठी

पहिला दिवस बहुतेक असाच जातो. तुम्ही सकाळी आठला घरी पोचता. आजोबा पलंगावर बसलेले, सूनबाई ऑफिसला निघायच्या गडबडीत. त्या तुमच्या हातात श्रीखंडाचा जुना डबा देतात. आत औषधं. "सकाळी तीन, दुपारी एक, रात्री चार. ती पांढरी बीपीची. बाकी बाबांना माहितीये." लिफ्ट येते, त्या जातात. तुम्ही झाकण उघडता तर आत पांढऱ्या गोळ्यांचीच पाच पाकिटं, आणि बाबांना आज वार कोणता तेही आठवत नाही.

मी सत्तावीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. आता ब्युरोतर्फे घरोघरी आणि वृद्धाश्रमात जाणाऱ्या मुलामुलींना शिकवते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नुसती औषधं देण्यासाठी वेगळं प्रशिक्षण, परीक्षा आणि 'मेडिकेशन एड' असं पदच आहे. आपल्याकडे हे काम जो घरात असेल त्याच्या गळ्यात पडतं. आंघोळ घालणारी मावशीच गोळ्याही देते, आणि तिला कुणी चार गोष्टी सांगितलेल्या नसतात.

औषधांची नावं पाठ करत बसू नका. ती तीस वर्षांत मलाही पाठ झाली नाहीत, रोज नवीन येतात. काहीतरी जुळत नाही असं वाटलं की हात थांबवायचा, एवढं एक अंगात मुरलं पाहिजे. बाकी सगळं त्यासाठीच.

आधी आपली हद्द

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं औषध, लिहिलेल्या वेळी, लिहिलेल्या मापात देणं आणि दिल्याची नोंद करणं, इथपर्यंत तुमचं काम. गोळी वाढवणं, कमी करणं, बंद करणं, "आज बरं वाटतंय तर राहू दे" म्हणणं यातलं काहीच तुमचं नाही. इंजेक्शन, सलाइन, नाकातल्या नळीतून औषध ही शिकलेल्या, रजिस्ट्रेशन असलेल्या सिस्टर-ब्रदरची कामं. घरचे म्हणतील, "आधीची मावशी द्यायची की." द्यायची असेल. तुम्ही ब्युरोला फोन लावा.

साध्या डोकेदुखीलाही हेच. चिठ्ठीवर नाही ती गोळी तुमच्या हातून जायची नाही, मग ती क्रोसिन का असेना. अंगदुखीसाठी काँबिफ्लाम, तापासाठी डोलो आणि सर्दीची तिसरीच गोळी असं एकाच दिवशी झालं तर तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. धडधाकट माणसालाही दिवसात ४ ग्रॅमच्या वर ते चालत नाही. चाळीस किलोच्या आजीचं लिव्हर तर त्याच्या बरंच आधी कुरकुरायला लागतं.

डबा उलटा करा

पहिल्या दिवशी, घरचं कुणीतरी समोर असताना, जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि डब्यातलं सगळं त्यावर ओता. शेजारी सगळ्यात नवीन तारखेची चिठ्ठी किंवा डिस्चार्ज कार्ड ठेवा. एकेक पाकीट उचलायचं, चिठ्ठीवर शोधायचं. सापडलं तर उजवीकडे, नाही सापडलं तर डावीकडे. डावीकडचा ढीग नेहमीच मोठा होतो. मागच्या वर्षीचं खोकल्याचं औषध, शेजारच्या काकांनी दिलेली गुडघ्याची गोळी, अर्धवट सोडलेला अँटिबायोटिकचा कोर्स. ते फेकणं तुमचं काम नाही. वेगळ्या पिशवीत बांधून घरच्यांच्या हवाली करा आणि औषधांच्या डब्यात पुन्हा येऊ देऊ नका.

यात सगळ्यात घातक म्हणजे एकच औषध दोन नावांनी घरात असणं. आपल्याकडे हे फार होतं. फॅमिली डॉक्टरांनी बीपीची टेल्मा ४० लिहिलेली असते. आजोबा हॉस्पिटलात जाऊन येतात, तिथून टेल्सार्टन ४० लिहून मिळते. दोन्हींत औषध एकच, टेल्मिसार्टन. घरचे दोन्ही देत राहतात, चार दिवसांनी आजोबा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतात आणि सगळे म्हणतात वयामुळे झालं. ॲसिडिटीच्या पॅन ४० आणि पँटोसिड ४० हीही अशीच जुळी भावंडं. म्हणून मोठ्या अक्षरातलं नाव वाचून थांबू नका, त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं खरं नाव वाचा. जनऔषधी केंद्रातून आणलेल्या पाकिटावर तर मुख्यतः तेच नाव असतं, त्यामुळे ब्रँड बदलला की घरात "ही नवीन गोळी कुठली?" असा गोंधळ ठरलेला. दोन पाकिटांवर तेच बारीक नाव दिसलं तर एकही स्वतःहून बंद करायची नाही, दोन्ही बाजूला काढून पुढचा डोस द्यायच्या आत घरच्यांना डॉक्टरांना विचारायला लावायचं. कधी कधी डॉक्टरांनी मुद्दाम तसं दिलेलं असतं. ते त्यांनी सांगावं, आपण अंदाज करू नये.

त्याच बैठकीत तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, काढा, चूर्ण काही चालू आहे का? आणि उपास कुठले करतात? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. त्याचं कारण पुढे येईल.

चिठ्ठीची भाषा

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, एवढं सगळ्यांना कळतं. अडचण इंग्रजी अक्षरांची. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एसओएस म्हणजे गरज पडली तरच, आणि हे सगळ्यात फसवं. गरज म्हणजे काय, दोन डोसांमध्ये किती तास हवेत, दिवसात जास्तीत जास्त किती, ही तीन उत्तरं लिहून घेतल्याशिवाय एसओएस गोळीला हात लावू नका. आणखी एक गंमत : डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा डोळा.

अक्षर लागत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारण्यात कमीपणा नाही. मी अजून विचारते. तर्काने वाचू नका, कारण सारख्या नावांच्या गोळ्यांचं काम सारखं नसतं. क्लोनाझेपाम फिट्ससाठी किंवा झोपेसाठी देतात, क्लोनिडीन बीपी उतरवते.

आता ते एक औषध, ज्याचं नाव तरी लक्षात ठेवाच : मेथोट्रेक्सेट. सांधेदुखीच्या आमवातासाठी आणि सोरायसिससाठी देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज दिली तर तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावू शकतो. जगभर या एका चुकीने माणसं गेली आहेत. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' दिसलं की वार ठरवा, तो वार पाकिटावर मार्करने लिहा आणि ते पाकीट रोजच्या डब्यात ठेवूच नका. हाडांसाठीची ॲलेंड्रोनेटची ७० मिलीग्रॅमची गोळीही आठवड्याचीच. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर द्यायची आणि नंतर अर्धा तास पेशंटला आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. हृदयाच्या डिगॉक्सिनबद्दल आपल्याकडे बरेच डॉक्टर आठवड्यातून पाच दिवस द्यायला सांगतात, दोन दिवस सुट्टी. ती देण्याआधी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. साठच्या खाली असेल तर गोळी हातात ठेवून फोन करा.

आणि मिलीग्रॅम, मायक्रोग्रॅम. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते : २५, ५०, १००. बाटल्या एकाच ढंगाच्या, फरक आकड्याचा. ती उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर त्या दोघींत चार तासांचं अंतर. चहाबाज आजोबांना हे पटवणं हा एक वेगळाच कोर्स आहे.

पाकीट वाचणं

मेडिकलमधून पाच गोळ्या कापून आणल्या की एक्सपायरीची तारीख बऱ्याचदा दुकानातल्या तुकड्यावर राहते आणि घरी येतो तो नावगाव नसलेला चांदीचा तुकडा. शक्यतो पूर्ण पाकीट आणायला सांगा. घरी गोळ्या काढताना ज्या टोकाला नाव, बॅच आणि तारीख छापली आहे ते टोक शेवटपर्यंत राखायचं, दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची. एवढीशी सवय, पण नवी मुलगी पहिल्या दिवशी नेमकं उलटं करते.

एक्सपायरी ०८/२०२७ लिहिलं असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पाकिटावर डावीकडे उभी लाल रेघ दिसली तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही. नावापुढची शेपटी कधीही सोडू नका. टेल्मा वेगळी, टेल्मा-एच वेगळी, टेल्मा-एएम वेगळी. इथे मागे लागलेल्या अक्षरांचा अर्थ आत आणखी एक औषध आहे. शुगरच्या काही गोळ्यांच्या नावात जीपी १ आणि जीपी २ असा आकडा असतो, तो आतल्या ग्लिमेपिराइड या शुगर उतरवणाऱ्या औषधाचा डोस. मेडिकलवाल्याकडे १ संपली म्हणून त्याने २ दिली आणि "अर्धी करून द्या" म्हणाला, तर घेऊ नका.

सात खणांची डबी चांगली सोय आहे, पण ती घरच्यांनी किंवा सिस्टरने भरावी आणि पाकिटं तशीच जपून ठेवावीत. डबीत पडलेल्या गोळीला नाव नसतं.

ठेवायची जागा : बाथरूम नको, गॅसजवळचा कट्टा नको, ऊन येणारी खिडकी नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आधीच काढून ठेवलेल्या गोळ्या दमट होऊन सुटतात, म्हणून गोळी आयत्या वेळीच पाकिटातून काढा. लिहिलं असेल तरच फ्रीज. आणि घरात नातवंडं असतील तर सगळं कडीकुलपात.

प्रत्यक्ष देताना

हात धुवा. टीव्ही बंद करा, फोन बाजूला ठेवा. एका वेळी एकाच माणसाचं औषध. घरात आजी-आजोबा दोघंही असतील तर आजोबांचं पूर्ण संपवून, वहीत लिहून, मगच आजींचा डबा उघडायचा.

पाकीट तीनदा वाचायचं : डब्यातून उचलताना, गोळी काढताना, परत ठेवताना. तिसऱ्यांदा का, असं मुली विचारतात. कारण तोवर गोळी तुमच्या हातात असते, पेशंटच्या पोटात नाही. चूक सापडायची ती शेवटची फुकटची संधी. वाचताना मनात पाच गोष्टी जुळवा : माणूस तोच, औषध तेच, माप तेच, वेळ तीच, आणि द्यायची वाट तीच, म्हणजे तोंडाने, डोळ्यात की जिभेखाली.

माणूस तोच, हे घरात सोपं वाटतं. वृद्धाश्रमात नाही. माझीच गोष्ट सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वॉर्डात एकाच आडनावाच्या दोन आजी होत्या, शेजारशेजारच्या पलंगावर. त्यांनी दुपारी खिडकीच्या वाऱ्यासाठी पलंग बदलून घेतले होते, आपसात. मी संध्याकाळी ट्रे घेऊन गेले, आडनाव हाक मारलं, दोघींपैकी जवळची "हो" म्हणाली. मी वाटी पुढे केली. त्या गोळीकडे बघून म्हणाल्या, "आज पिवळी कशी गं? माझी गुलाबी असते." मी म्हटलं, "कंपनी बदलली असेल आजी, घ्या." त्यांनी घेतली. दुसऱ्याच मिनिटाला शेजारच्या आजींनी विचारलं, "आणि माझी पिवळी?" रात्रभर दर तासाला त्यांचं बीपी मोजत मी त्यांच्या पलंगाशी बसले. त्यांना काही झालं नाही. त्यांनी मला सकाळी अर्धा चहा दिला बशीतून.

तेव्हापासून माझा नियम असा : पूर्ण नाव त्यांनी सांगायचं, आपण नाही. "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं तर कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. "आजोबा, तुमचं पूर्ण नाव काय?" असं विचारा. सांगता येत नसेल तर केस पेपरवरचा फोटो किंवा हातातली पट्टी बघा. आणि पेशंट म्हणाला "ही माझी नाही", "आज एक जास्त आहे", "ही तर मघाशी घेतली", तर वाटी खाली ठेवा आणि पुन्हा चिठ्ठी काढा. दहातल्या नऊ वेळा तो चुकलेला असेल. तपासायला दोन मिनिटं लागतात.

गोळी देताना पेशंट ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून गोळी घशात सोडायची जुनी पद्धत विसरा, तिने पाणी श्वासनलिकेत जातं. आधी एक घोट पाणी, मग गोळी, मग पुन्हा पाणी, एका वेळी एकच. अर्धांगवायू झालेल्यांच्या गालात गोळी राहते, लुळ्या बाजूचा गाल बोटाने हळूच बघा. गोळ्या उशाशी ठेवून "घ्या हं नंतर" म्हणून स्वयंपाकघरात जायचं नाही. मी गाद्या झटकताना उशीच्या अभ्र्यातून आठवड्याच्या गोळ्या पडलेल्या पाहिल्या आहेत.

गिळल्याचं डोळ्यांनी पाहिलं की मगच वहीत वेळ आणि सही. आधी खुणा करून ठेवणारी वही मला दुरूनच कळते, सगळ्या सह्या एकाच शाईत आणि एकाच रेषेत असतात.

वेळेत अर्धा तास इकडेतिकडे बहुतेक गोळ्यांना चालतो. पार्किन्सनच्या गोळीला चालत नाही. ती उशिरा झाली की पेशंट खुर्चीतल्या खुर्चीत लाकडासारखा आखडतो, मग घास नाही, पाऊल नाही. तिचा अलार्म वेगळा लावा. झोपेची गोळी द्यायच्या आधी बाथरूमला नेऊन आणा आणि पलंगावर बसवूनच द्या. रात्री पडून खुबा मोडलेले किती पेशंट या एका क्रमाने वाचले असते.

खलबत्ता बाजूला ठेवा

गिळायला त्रास होतो म्हटलं की घरात पहिली वस्तू निघते खलबत्ता. सरसकट गोळ्या कुटायच्या नाहीत. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एमआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली असते. कुटली की बारा-चोवीस तासांचं औषध एकदम अंगात जातं. बीपीची असेल तर बीपी धाडकन खाली येतं. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलवर जठरातल्या आम्लात टिकणारं आवरण असतं, ते फोडलं की औषध जठरातच वाया. कॅप्सूल उघडून दह्यात टाकणं हाही तोच प्रकार. डॉक्टरांना विचारा, पुष्कळ औषधं पातळ मिळतात किंवा दुसरी कुटण्याजोगी गोळी मिळते. अर्धी करायची तर मध्ये रेघ असलेलीच, आणि गोळी कापायच्या छोट्या यंत्राने. सुरीने कापली की एक भाग पाऊण होतो आणि दुसरा फ्रीजखाली जातो.

गोळी लपवून शिऱ्यात घालायची का? पेशंट शुद्धीत आहे, समजतंय, आणि नको म्हणतोय, तर नाही. पोळीत गोळी सापडली की त्या दिवसापासून तो पोळीही खात नाही. का नको ते विचारा, लिहा, घरच्यांना सांगा. स्मृतिभ्रंशात डॉक्टर आणि घरचे मिळून वेगळं ठरवू शकतात, पण ते ठरलेलं कागदावर हवं.

गोळी नसलेली औषधं

पातळ औषध मापाच्या झाकणानेच, डोळ्यांच्या पातळीवर धरून. घरातला चहाचा चमचा कधी तीन मिलिलीटरचा असतो, कधी सहाचा. बाटलीवर 'हलवून घ्या' असेल तर खरंच हलवा, नाहीतर पहिले आठ दिवस पाणी आणि शेवटचे दोन दिवस सगळं औषध.

डोळ्यात एकच थेंब, खालची पापणी ओढून झालेल्या खळग्यात, बाटलीचं टोक कुठेही न लावता. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक थेंब उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात.

दम्याच्या रोटाकॅपच्या कॅप्सूल गिळायच्या नसतात, यंत्रात घालून ओढायच्या असतात. हसू नका, पाण्याबरोबर महिनाभर गिळलेल्या पाहिल्यात मी, आणि दमा का कमी होत नाही म्हणून डॉक्टरच बदलले होते त्यांनी. स्टिरॉइड असलेल्या पंपानंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

छातीत दुखल्यावरची सॉर्बिट्रेट जिभेखाली, आणि चिठ्ठीवर असेल तरच. आधी बसवा, कारण तिने बीपी उतरतं. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर आणखी विचार करत बसू नका, १०८.

शुगर आणि संकष्टी

आता तो उपासाचा प्रश्न. आजींना मधुमेह आहे, सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड असलेली गोळी आहे. आज संकष्टी. त्या तुम्हाला सांगत नाहीत, कारण मुलाने उपास करायला मना केलंय. तुम्ही गोळी देता, त्या घेतात, उपमा "नंतर खाते" म्हणून झाकून ठेवतात. चंद्रोदय रात्री नऊला. सकाळी अकरालाच त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात, त्या उगाच चिडतात, नातवाला दुसऱ्याच नावाने हाक मारतात. ही शुगर कमी झाल्याची लक्षणं. झोप आलीय म्हणून पांघरूण घातलंत तर गेलात.

म्हणून शुगरच्या गोळीआधी ताट समोर हवं. पहिला घास तोंडात गेला की गोळी. जेवण नको म्हणाल्या तर गोळी थांबवून फोन करायचा. कालनिर्णय भिंतीवर असेलच, त्यात एकादशी-चतुर्थी बघून आदल्या दिवशीच घरच्यांना विचारा की डॉक्टरांनी उपासाच्या दिवसाबद्दल काय सांगितलंय.

लक्षणं दिसली तर मशीनवर शुगर बघा. ७० च्या खाली म्हणजे कमी. मशीन नसेल तर थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की काहीतरी खायला द्या, मग डॉक्टरांना फोन. मधुमेह्याच्या घरात कधी कधी डब्यात शुगर-फ्रीच्या पुड्याच असतात, त्यांचा इथे शून्य उपयोग, म्हणून पहिल्या दिवशी खरी साखर कुठे आहे ते पाहून ठेवा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

इन्सुलिन तुम्ही टोचणार नाही, पण घरचे टोचतात तेव्हा तुम्ही शेजारी असता, म्हणून एवढं माहीत असू द्या. आपल्याकडे जुन्या छोट्या बाटलीत सहसा एका मिलिलीटरला ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल झाकणाची. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं औषध लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये ओढलं तर दहाच्या खुणेवर पंचवीस युनिट जातात. असं कुणी करताना दिसलं तर हात धरा, सून असो की साहेब.

चुकलं, राहिलं, उलटलं

डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही, कधीच. फोन करून विचारा, सांगतील तसं. गोळीनंतर उलटी झाली तर उलटीत गोळी दिसते का बघा, किती मिनिटांनी झाली ते लिहा, आणि स्वतःहून पुन्हा देऊ नका.

चुकीची गोळी गेली तर पहिल्या मिनिटात सांगा. डॉक्टरांना, घरच्यांना, ब्युरोला. कुठली, किती, किती वाजता. पाकीट हातात ठेवून बोला. ओरडा बसेल, एखादं काम सुटेलही. पण पहिल्या तासात कळलेल्या चुकीला बरेच उपाय असतात, संध्याकाळी कळलेलीला कमी.

नवीन औषधानंतर अंगावर पुरळ, ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं दिसलं तर पुढचा डोस नाही. श्वासाला त्रास असेल तर थेट १०८. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हिरड्यांतून रक्त, काळी शी, डोक्यावर पडणं यांतलं काहीही झालं तर त्याच वेळी फोन, दुसऱ्या दिवशी नाही. औषधाचा त्रास सरकारला कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे. तिथे कुणीही कळवू शकतं, डॉक्टरच हवा असं नाही.

वहीच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : डॉक्टर, घरातलं एक माणूस जे फोन उचलतंच, मेडिकल, ब्युरो, आणि या घराचा पूर्ण पत्ता खुणेसकट. १०८ वाल्याला पत्ता सांगताना भल्याभल्यांची बोबडी वळते. संध्याकाळी नाइटची मावशी आली की चप्पल घालायच्या आत तिला वही उघडून दाखवा : आज काय दिलं, काय राहिलं, रात्री आठच्या गोळ्यांतली कुठली अजून द्यायची आहे.